पकडलेल्या जहाजाची घंटा

मित्रांनो, गोंदियाजवळ कामठ्याकडच्या एका लहान गावात शाळेच्या व्हरांड्यात पितळी घंटा टांगलेली आहे, ती मी. माझा जन्म मात्र समुद्राकाठचा.

दीडशे वर्षांपूर्वी मी मुंबई बंदरातल्या एका आगबोटीवर होते. खलाशांचा म्होरक्या सारंग मला चिंचेने घासून लख्ख ठेवायचा. तेव्हा समुद्रापलीकडे दोन राज्यांत लढाई पेटली होती. सरकारने जाहीर केले होते, आपण कोणाच्याच बाजूचे नाही; आपल्या बंदरातून कोणालाही शस्त्रे जाणार नाहीत. आमचा कप्तान म्हणाला, बोटीत तांदूळ आहे. जकातीच्या अधिकाऱ्याने पोत्यात सळई खुपसली. ती आत खणकन वाजली. तांदळाखाली बंदुका होत्या.

"जहाज हलणार नाही," अधिकारी म्हणाला.

"आणि आम्ही, साहेब? आम्हाला ठाऊक नव्हतं," सारंग म्हणाला.

जहाज जप्त झाले, खलाशी पांगले. कायदा बरोबर होता, तरी सारंगाचा चेहरा मी विसरले नाही. पुढे लिलावातून एका रेल्वे ठेकेदाराबरोबर मी गोंदियाला आले आणि शेवटी या शाळेत. मुले माझ्या आवाजावर धावत यायची. फार सुखात होते मी.

यंदा धान सुकू लागले आणि तलावाच्या पाण्यावरून गावात वरची टोली आणि खालची टोली, म्हणजे दोन वस्त्यांचे, दोन तट पडले. मुख्याध्यापिका अन्नपूर्णाबाईंचे सख्खे काका सुकराम शाळेत आले.

"अन्नपूर्णा, घंटा वाजव. आपल्या टोलीचे लोक जमा करा लागते."

"काऊन? शाळा भरून रायली का?" बाई म्हणाल्या. "काल खालच्या टोलीच्या देवानंदलेबी नाहीच म्हटलं. हे घंटा कोनाच्याच बाजूची नाही, काकाजी."

रविवारी शाळा बंद होती. सुकरामने मला स्वतःच बडवले. लोक काठ्या घेऊन तलावावर धावले. भांडण सोडवायला मध्ये पडलेल्या श्यामलालचा उजवा हात मोडला.

बाईंनी पोलिसांना काकांचे नाव सांगितले. काकांच्या घराचे दार त्यांना बंद झाले. मग त्यांनी माझा लोलक काढून कपाटात ठेवला.

परवा श्यामलालच्या मुलीने, रुचिकाने मला पुसले. "मॅडम, हे आता वाजन का?"

"ज्या दिवशी तुया बाबा आपल्या उजव्या हातानं जेवन, त्या दिवशी पाहू."

मित्रांनो, मला काळवंडू देऊ नका. आणि कोणी मला वाजवायला आला, तर कशासाठी, हे त्याला आधी विचारा. मला विचारता येत नाही.