डल्सीचा परका कप्तान

हरेल त्याने नाताळच्या जेवणाला दुसऱ्याच्या क्लबची जर्सी घालायची, असं डल्सी आणि तिचा धाकटा भाऊ मर्व्ह यांचं ठरलं होतं. डल्सी टाउन्सव्हिलच्या रग्बी क्लबची भक्त. पण पैज होती मोबाइलवरच्या फँटसी लीगची, आणि त्यात आपला संघ बांधायला खरे खेळाडू कुठल्याही क्लबचे घेता येतात. त्यांनी मैदानात कुणाला पाडलं की गुण आपल्याला, आणि कप्तानाचे दुप्पट. म्हणून तिने मर्व्हच्या लाडक्या ब्रिस्बेनचाच एक गडी कप्तान केला. तो असा दांडगा, की त्याला बघून गोलचा खांब बाजूला सरकायचा म्हणे.

अंतिम फेरीत टाउन्सव्हिल आणि ब्रिस्बेनचाच सामना. तो संपत आला, तरी लीगमध्ये बहीणभावांचे गुण सारखे. तेवढ्यात टाउन्सव्हिलचा पोरगा चेंडू घेऊन सुटला. त्याने पलीकडची रेघ गाठली की सामना टाउन्सव्हिलचा.

"अडव त्याला," डल्सी टीव्हीवर ओरडली.

"अगं, तो तुझाच आहे," मर्व्ह म्हणाला.

"गप रे. अडव, माझ्या राजा."

राजाने पोरग्याला आडवा केला. ब्रिस्बेन जिंकलं. मर्व्ह नाचायला उठला आणि मोबाइलवर डल्सीचे वाढलेले गुण बघून मटकन बसला.

"तुझा क्लब जिंकला ना? मग रडतोस काय, मेल्या," डल्सीने स्वतःचेच डोळे पुसत म्हटलं. "जर्सी मोठी आणते. तुझं पोट मावायला हवं."