थडग्यावरचं हसू

किर्गिझस्तानातल्या कोक-आर्चात दातांची डॉक्टर एकच, त्यामुळे गावातल्या जवळजवळ प्रत्येकाने कधी ना कधी चिनारापुढे तोंड उघडलेलं होतं. तिच्याकडे कॅमेरा आला तोही दातांपायीच. किडलेल्या दाढेचे आधीचे आणि नंतरचे फोटो ठेवावेत म्हणून तिने बिश्केकच्या बाजारातून एक वापरलेला कॅमेरा आणला. सोबत अगदी जवळचं टिपणारी लेन्स आणि लेन्सभोवती कड्यासारखा बसणारा फ्लॅश. वर्षभर तिने इमानेइतबारे दाढाच टिपल्या. मग एका हिवाळ्यात दवाखान्याच्या काचेवर जमलेली बर्फाची नक्षी तिला दिसली, सहज म्हणून तिने कॅमेरा तिकडे वळवला, आणि तिथून जे खूळ लागलं ते लागलंच.

चुलीवरची किटली, दोरीवर थंडीने फळीसारख्या ताठ झालेल्या रजया, बाकावर पत्ते कुटणारे म्हातारे, बर्फातला कोळशाचा ढीग, काहीही. कडाक्याच्या थंडीत बॅटरी मान टाकते म्हणून ती बॅटरी काखेत धरून हिंडायची. नवरा सूयून शाळेत व्यायामशिक्षक. तो म्हणायचा, "माझ्या बुटांचे इतके फोटो काढलेस, कधीतरी माझाही काढ की."

"बुटांना पोट आत घ्या म्हणून सांगावं लागत नाही," चिनारा म्हणायची.

बाजारपेठेतल्या फोटो स्टुडिओचा मालक कुबान मात्र चेष्टा करताना हसायचाही नाही. लग्नं, पासपोर्ट आणि थडग्याच्या काळ्या दगडावर कोरायचे चेहरे, सगळी कामं त्याचीच. "कोळशाचा ढीग?" तिचा फोटो बघून तो म्हणाला होता. "डॉक्टर, कोळसा काळा असतो हे गावाला माहीत आहे. गरुड काढा, घोडे काढा, डोंगर काढा. नाहीतर आपले दात बरे."

चिनाराने पुढच्या आठवड्यात आणखी एका कोळशाच्या ढिगाचा फोटो काढला. मुद्दाम.

एकदा दवाखान्यात बुरमाकान आपा येऊन खुर्चीत बसली. सगळं आयुष्य वरच्या कुरणांवर मेंढ्यांमागे गेलेली बाई. घोड्याने लाथ मारल्याची हनुवटीवर खूण, आणि पुढचे चारही दात सोन्याचे. चिनाराने सवयीने म्हटलं, "आ करा, आपा."

"आ कशाला? दात नाही दुखत. माझा फोटो काढ. दगडासाठी."

"असं काय बोलता? तब्येत बरी नाही का?"

"तब्येतीला काय धाड भरलीय! तब्येत चांगली आहे म्हणूनच आले. मेल्यावर मला कोण विचारणार? मामबेतचं काय केलं बघितलंस ना?"

मामबेत तिचा नवरा. तो गेला तेव्हा मुलाने, मेलिसने, कुबानकडून चेहरा तयार करून घेतला होता. कुबानने जुना पासपोर्टचा फोटो मोठा केला, सुरकुत्या पुसल्या आणि गळ्यात टाय रंगवला.

"मामबेतने जन्मात टाय बांधला नाही," आपा म्हणाली. "मेंढ्या हाकताना टाय बांधतात का? मी तिथे दुवा मागायला बसते, तर समोर कोणी बँकेतला साहेब. परक्या पुरुषासमोर रडायची लाज वाटते मला. माझं तसं व्हायला नको. मी जिवंत आहे तोवर माझं तोंड मी निवडणार."

चिनाराने तिथेच फ्लॅश लावून दोन-तीन फोटो काढले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघितलं तर आपाच्या दोन्ही डोळ्यांत पांढरी कडी उमटलेली, आणि चेहरा सपाट, घामेजलेला.

"ही मी नाही," आपाने निकाल दिला. "ही उकडलेली मेंढीची मुंडी."

मग चिनारा तिच्या घरी गेली. फ्लॅश मुद्दाम दवाखान्यातच ठेवून गेली. खिडकीशेजारी आपाला बसवलं, एका बाजूने मऊ उजेड येईल असं. पण कॅमेरा समोर आला की आपा पाठ ताठ करून ओठ मिटायची, शाळेतल्या फळ्यासमोर उभी केल्यासारखी. चिनाराने चहा घेतला, गप्पा मारल्या, मेंढ्यांची चौकशी केली. उपयोग शून्य. माणूस हसेल असं काही बोलायला तिला जमतही नव्हतं. आयुष्यभर लोकांना "हलू नका" एवढंच सांगत आलेली ती.

शेवटी पूर्ण चेहरा चौकटीत यावा म्हणून ती एकेक पाऊल मागे सरकू लागली. मागे बोर्सोक तळायला भिजवलेल्या कणकेची परात जमिनीवर ठेवलेली होती. चिनारा तिच्यात बसली. नुसती टेकली नाही, चांगली रुतून बसली.

बुरमाकान आपा जे हसली! मान मागे, डोळे मिटून, सगळं तोंड उघडून, रुमाल कपाळावरून सरकलेला, सोन्याच्या दातांवर खिडकीचा उजेड. चिनाराला उठायचं सुचलं नाही. कणकेत बसल्या बसल्याच तिने बटण दाबलं.

रविवारी दुपारी ती संगणकासमोर बसली. दाताला पॉलिश करायची सवय हाताला होतीच. आधी तिने सुरकुत्या थोड्या नरम केल्या, मग आणखी थोड्या. हनुवटीवरची खूण घालवली. ओठांवरची लव पुसली. मागे रेलून पाहिलं तर समोर एक स्वच्छ धुतलेली बशी हसत होती. तिला स्वतःचाच राग आला. कुबानला नावं ठेवणारी ती, आणि हात त्याच वाटेने गेला होता. सगळं केलेलं तिने एका दमात रद्द केलं. रुमालाखाली चेहऱ्यावर पडलेला अंधार जरा उजळला, खिडकीचा भगभगीतपणा उतरवला, कडेला डोकावणारा टीव्ही कापला. बास.

आपाने कागदावरचा फोटो हातात घेऊन खिडकीपाशी नेला. वरच्या ओठावर बोट टेकवलं.

"मिशा ठेवल्यास?"

"ठेवल्या."

"हं. ही मी."

नूरोजला, नव्या वर्षाच्या सणाला, सांस्कृतिक सभागृहात 'आपली माणसं' नावाचं फोटोंचं प्रदर्शन भरणार होतं. चिनाराने आपाला विचारून तोच फोटो मोठा करून दिला. सणाच्या आदल्या दिवशी मेलिस दवाखान्यात आला. तो नगर कार्यालयात वरच्या हुद्द्यावर होता. बसा म्हटलं तरी तो बसला नाही.

"डॉक्टर, ते आईचं चित्र काढून घ्या."

"का?"

"का म्हणजे? आमच्या घरच्या बाईचा जबडा सगळ्या गावाने बघायचा? आणि उद्या तेच थडग्यावर? कबरस्तानात खिदळणारी बाई! लोक मला काय म्हणतील?" त्याने फोन पुढे केला. "हे बघा. कुबानने केलंय. हे लावा."

फोनमध्ये गोरीपान, गुलाबी गालांची, ओठ मिटलेली एक बाई मखमली अंगरख्यात बसली होती. मागे हिमशिखरं.

"ही कोण?" चिनाराने विचारलं.

"मस्करी नको."

"मस्करी नाही करत, मेलिसदादा. मी तुमच्या आईच्या तोंडात इतकी वर्षं बघत आलेय. ही बाई मी पाहिलेली नाही. आईला दाखवलंत हे?"

"आईला काय कळतं त्यातलं?" त्याचा आवाज खाली आला, आणि खाली आल्यावर जास्त टोचला. "दवाखान्याची ही जागा कार्यालयाची आहे. वसंतात करार संपतोय. तुम्ही शिकलेल्या आहात. मी जास्त बोलत नाही."

"करार नाही झाला तर खुर्ची उचलून घरी नेईन," ती म्हणाली. "फोटो तोच राहील. ज्या बाईचा चेहरा आहे ती काढ म्हणाली तर काढेन. तुम्ही म्हणालात म्हणून नाही."

दुसऱ्या दिवशी ती सभागृहात पोचली तेव्हा गर्दी जमू लागली होती. गरुड होते, घोडे होते, तळ्यात पडलेली डोंगराची प्रतिबिंबं होती. तिच्या फोटोच्या जागी भिंतीवर नुसता खिळा. चौकीदाराला विचारलं तर तो दुसरीकडे बघत म्हणाला, "वरून सांगितलं."

पहिल्यांदा तिला वाटलं, सरळ घरी जावं. मग कानशिलं तापली. ती त्या खिळ्याशेजारी उभी राहिली, आणि जो येईल त्याला सांगू लागली, "इथे बुरमाकान आपाचा फोटो होता. आज सकाळी काढून टाकला." काही लोक मान हलवून पुढे सरकले. कुबान दूर उभा राहून बघत होता.

एवढ्यात आपा स्वतःच आली. नवा पांढरा रुमाल, नीट घासलेले बूट. "माझी जागा कुठली?"

चिनाराने खिळा दाखवला. आपाला सगळं समजायला वेळ लागला नाही. तिने कोपऱ्यातली खुर्ची फरफटत आणली, बरोबर खिळ्याखाली ठेवली आणि बसली.

"या रे!" तिने कुरणात मेंढ्यांना घालायची तसली हाक घातली. "चित्र नेलंय कुणीतरी. आता बाईच बघा!" आणि तिने तोंड उघडून चारही सोन्याचे दात दाखवले.

लोक हसले, थांबले, जवळ आले. फोन निघाले. कोणी म्हणे आपा इकडे बघा, कोणी म्हणे इकडे. मेलिस गर्दीतून वाट काढत आला, कानापर्यंत लाल झालेला.

"आई, ऊठ. लोक बघतायत."

"बघायलाच आलेत ते. पैसे... नाही, फुकटच आहे ना हे? मग बघू देत."

"असं तोंड उघडून बसतात का चारचौघांत?"

आपाचं हसू थांबलं. "मेल्या, कुरणावर तुला ताप यायचा, तेव्हा मांस चावून चावून याच तोंडाने तुला भरवलंय मी. तेव्हा याची लाज नव्हती वाटली तुला. जा, माझं चित्र घेऊन ये."

मेलिस तरातरा निघून गेला. चित्र घेऊन नाही आला. पण तो गेल्यावर चौकीदार वाद्यांच्या खोलीतून चौकट बगलेत मारून आला आणि कोणाकडेही न बघता खिळ्याला लावून गेला. आपा खुर्चीवरून हलली नाही. संध्याकाळपर्यंत फोटोखाली बसून राहिली, कोणीतरी दिलेला सणाचा गव्हाचा गोड सुमोलोक चमच्याने खात. कुबान जाता जाता चिनाराला म्हणाला, "दात जरा जास्तच चमकतायत. मी असतो तर कमी केले असते."

"माहीत आहे," चिनारा म्हणाली.

वसंतात नवा करार खरंच झाला नाही. सूयून आणि त्याचे मित्र दाताची खुर्ची खांद्यावर घेऊन भर रस्त्यातून घरी निघाले. खुर्चीचा दिवा वर मान हलवल्यासारखा डुलत होता, कुत्री भुंकत मागे. चिनारा पुढे धावून, उलटी चालत फोटो काढत होती. "मदत कर की!" सूयून ओरडला. "करतेय," ती म्हणाली, "पोट आत घे." पुढच्या खोलीत दवाखाना मांडला. जागा अपुरी, नळ लांब, आणि सासूबाईंची शिलाईमशीन पडवीत गेल्यामुळे त्या अजून बोलून दाखवतात. पण दुखरी दाढ घेऊन लोक आलेच.

बुरमाकान आपाने दगडवाल्याकडे स्वतः जाऊन फोटो दिला आणि कोरताना रोज तिथे बसून त्याच्या डोक्याला ताप दिला. मेलिस उन्हाळाभर आईकडे फिरकला नाही. गवत कापायच्या दिवसांत आला, गवत कापलं, जेवला, फोटोचा विषय काढला नाही. आपानेही नाही काढला.

शरद ऋतूत एक म्हातारा वरच्या गावाहून घोड्यावर चिनाराच्या दारी आला. घोडा कुंपणाला बांधला, आत येऊन खुर्चीत न बसता भिंतीशी उभा राहिला.

"दगडाचे फोटो काढतेस ती तूच ना?"

"हो, आता. बसा, आजोबा. कुठून आलात?"

"ते राहू दे. मी हसणार नाही, आधीच सांगतो. त्या बाईसारखं मला जमणार नाही. मी जन्मभर रागावलेलाच होतो. बायकोवर, पोरांवर, सरकारवर, घोड्यावर. मला शांत-बिंत दाखवलंस तर याद राख."

चिनाराने खिडकीचा पडदा सरकवला. उजेड त्याच्या भुवयांवर आडवा पडला.

"रागवा मग," ती म्हणाली, आणि मागे काही ठेवलेलं नाही ना हे बघून एक पाऊल मागे सरकली.