छत्रीवालीच्या चालीवर

सौंसरच्या आमच्या महिला भजन मंडळात पेटी मी वाजवते, शब्द मी जुळवते आणि भांडणंही मीच करते. तेवीस वर्षं शाळेत शिकवल्याचा परिणाम असेल, पण चूक दिसली की मला गप्प बसवत नाही. मागच्या वर्षी पांढुर्ण्याच्या भजन स्पर्धेत मोहगावच्या शकुंतलाबाईंनी एका गाजलेल्या हिंदी सिनेगीताच्या चालीवर देवीचं भजन म्हटलं आणि पहिलं बक्षीस नेलं. खरी गोष्ट अशी, की त्याच चालीवर आम्हीही भजन बसवलं होतं आणि आमचा गायचा नंबर त्यांच्यानंतर होता. हे काही मी कुणाला सांगितलं नाही. मी आयोजकांना चार पानी अर्ज लिहिला. चोरीची चाल, भक्तीचा बाजार, सगळं त्यात घातलं. अर्ज इतका जोरदार झाला की यंदाच्या पत्रकात नियमच छापून आला: कोणत्याही चित्रपटगीताची चाल चालणार नाही.

पत्रक वाचून मी पेढे वाटणार होते. मग आमची भजनाची वही उघडली. एकेचाळीस भजनं, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर माझ्याच अक्षरात सिनेमाच्या गाण्याचं नाव, पुढे 'च्या चालीवर'.

"आता गाय तुह्या अर्जाच्या चालीवर," कलाबाई म्हणाल्या.

कलाबाई आमच्या मुख्य गायिका. बोरगावला त्यांचं संत्र्याचं शेत आहे, वय सदुसष्ट, आवाज अजून टणक. चौदा वर्षं त्या स्पर्धेत गातायत आणि 'उत्तम गायिका' ही ढाल त्यांना एकदाही मिळालेली नाही. दम पुरत नाही, हे माझं शेवटचं वर्ष, असं त्यांनी दिवाळीलाच सांगून टाकलं होतं. "ढाल भेटली त भेटली, नाही त जय हरी," असं त्या हसत म्हणायच्या, पण त्यांच्या घरी टीव्हीच्या वरची फळी रिकामी करून ठेवलेली मी पाहिली होती. ती ढाल त्यांना मिळवून द्यायचीच, असं मी मनाशी ठरवलं होतं. नियम आणून मीच त्यात खोडा घातला होता, म्हणून तर जास्तच.

आठवडाभर पेटीवर बोटं आपटली. नवी म्हणून जी चाल सुचायची, ती दुसऱ्या ओळीत कुठल्या ना कुठल्या हिरोच्या तोंडी जायची. त्या वैतागात असताना माझी मुलगी अमृता, अकरावीतली, कपड्यांच्या घड्या करताना काहीतरी गुणगुणत होती. संथ, साधं, आणि असं की हातातलं काम थांबावं. मी पेटी ओढली. पाचच सूर. मध्यम नाही, निषाद नाही. हा तर सरळ भूप रागच!

"काय गं हे?"

"जपानी आहे. तुले नाही समजणार," म्हणत तिनं मोबाईल दाखवला. चित्रातली एक मुलगी, मोठाले डोळे, बर्फ पडतोय, आणि ती स्टेशनवर बसून लोकांच्या मोडक्या छत्र्या दुरुस्त करतेय. मागे हे गाणं. कार्टून! आमच्या शाळेतली पोरं डबा खाताना पाहतात तसलंच. माझा जीव भांड्यात पडला. चित्रपट म्हणजे माणसांचा, हिरो-हिरॉईनचा. कार्टूनला कोण चित्रपट म्हणतं? मी अमृताला काही विचारलंही नाही. मला सगळं ठाऊक असतं, हा माझा जुना आजार आहे.

दोन दिवसांत शब्द बसले. 'अंगणी आले देव, पाय धुवाया पाणी दे.' कलाबाईंनी पहिल्यांदा म्हटलं तेव्हा टाळ वाजवणाऱ्या बायका टाळ विसरल्या. कलाबाईंनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "छाया, हे कुठून काढलं वं तू? माह्या मायची आठवण आली." मी नुसती हसले. त्या हसण्यात चाल मीच रचली असा भाव होता, हे आता कबूल करते.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी गाडी करून आम्ही पांढुर्ण्याला निघालो. अमृताही आली, ती भजनाला कधीच येत नसते. गाडीत ती खुशीत सांगू लागली, "आई, माह्या पांढुर्ण्याच्या मैत्रिणी पण येऊन राहिल्या ऐकायला. त्यांनी ती मूव्ही चार चारदा पाहिली आहे."

"कोणती मूव्ही?"

"अवं, छत्रीवाली. नागपूरला थिएटरात लागली होती. दोन तासांची आहे. तू ज्याचं गाणं गाऊन राहिली ते!"

पुढच्या सीटवर कलाबाई डोळे मिटून, मांडीवर ठेका धरून बसल्या होत्या. नवं लुगडं, केसांत अबोलीचा गजरा. मी अमृताला कोपरानं ढोसलं आणि हळू आवाजात म्हटलं, "चूप बस." आणि मीही चूप बसले. जपानमधला सिनेमा पांढुर्ण्याच्या परीक्षकांनी कशाला पाहिला असेल? कुणाला कळणार आहे? चार पानी अर्ज लिहिणारी बाई हे म्हणत होती.

मंडपात आमच्या आधी मोहगावचा नंबर लागला. शकुंतलाबाईंनी स्वतः चाल रचली होती. काय चाल ती! अंतऱ्यात चढायची आणि उतरायची वाट तिला सापडेना. खंजरीवाली एकीकडे, ढोलकीवाली दुसरीकडे. पण नियम आला म्हणून ती बाई तीन महिने त्या चालीशी झटत होती, हे ऐकणाऱ्याला कळत होतं. नियम कुणी आणला हे तिलाही माहीत होतं. स्टेजवरून उतरताना ती माझ्यासमोर थांबली आणि म्हणाली, "मॅडम, जमलं तसं केलं बाप्पा." टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आमचं नाव पुकारलं. बायका बसल्या, पेटी माझ्यापुढे आली. मी भाता न उघडता माईक घेतला.

"आमच्या भजनाची चाल एका जपानी चित्रपटातल्या गाण्याची आहे," मी म्हटलं. "मी त्याला नुसतं कार्टून समजले. चूक माझी. आम्ही नियमात बसत नाही."

मंडपात हशा पिकला. कलाबाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. हसत फक्त त्याच नव्हत्या.

परीक्षक श्रीकांत सर छिंदवाड्याचे, निवृत्त संगीत शिक्षक. ते बाकीच्या दोन परीक्षकांशी कुजबुजले आणि म्हणाले, "ताई, तुम्हाला स्पर्धेत धरता येणार नाही. पण आलाच आहात तर म्हणा."

आणि कलाबाई गायल्या. चौदा वर्षांत मी त्यांना असं गाताना ऐकलं नव्हतं. स्पर्धेत नव्हतो, म्हणून सात मिनिटांची घंटी आम्हाला नव्हती. मागच्या रांगेतून अमृताच्या मैत्रिणींनी धून गुणगुणायला सुरुवात केली, मग त्यांच्या शेजारच्या बायकांनी. शेवटी सगळा मंडप गुणगुणत होता.

उत्तम गायिकेची ढाल मोहगावला गेली.

परतताना गाडीत मला वाटत होतं की कुणीतरी माझ्या खरेपणाबद्दल चांगलं बोलेल. खोटं कशाला सांगू, मी वाट पाहत होते. कलाबाई मात्र अमृताकडून स्टेशनवर वाट पाहणाऱ्या त्या छत्रीवालीची गोष्ट ऐकत होत्या. सौंसरला बाकीच्या बायका उतरल्या. दिवस मावळायच्या सुमाराला गाडी बोरगावला त्यांच्या अंगणात थांबली, तेव्हा मीच म्हटलं, "मावशी, चुकलं का माझं? खरं सांगायला नको होतं?"

"सांगाच लागत होतं," त्या म्हणाल्या. "पण ढाल माही होती ना? सोडाची होती त मी सोडली असती. मी स्वतः माईक घेतला असता. तू मले विचारलं काहून नाही?"

चाल घेताना मी लेकीला विचारलं नव्हतं आणि ढाल सोडताना यांना. आणि वर शाबासकीची वाट पाहत बसले होते. "चुकलंच मावशी," मी म्हटलं.

त्यांनी ऐकून घेतलं. मग अमृताकडे वळल्या. "काय वं पोरी, त्या छत्रीवालीचं मंग काय होते? कोणाची वाट पाहून राहिली ते?"

"आजी, पूर्ण पाहावं लागते. आहे माह्या मोबाईलमध्ये."

"मंग चाल. चहा मांडतो."

दोघी आत गेल्या. मला कुणी बोलावलं नाही. ड्रायव्हर माझ्याकडे पाहत होता, थांबू की जाऊ. मी उतरले, ओट्यावर चपला काढल्या आणि सवयीनं सरळ आत शिरणार होते. उंबरठ्याशी थांबले.

"मावशी, मी येऊ का?"

आतून सिनेमाचं संगीत सुरू झालेलं ऐकू आलं.

"ये," कलाबाई म्हणाल्या. "पण मधात बोलजो नको."