गाडी उघडी आहे

आमच्या गल्लीत गाड्यांच्या काचा फुटायला लागल्या तेव्हा उपाय मीच काढला. मी कुलपांचा माणूस. चाळीस वर्षं किल्ल्या करतो, अडकलेली कुलपं उघडतो. चोराला गाडीत काय मिळायचं? एखादा गॉगल, चार्जर, फार तर छत्री. पण तेवढ्यासाठी काच जायची. म्हणून मी म्हटलं, आत काही ठेवायचंच नाही आणि दारं उघडीच ठेवायची. जाड कागदावर लिहून दिलं : 'गाडी उघडी आहे. आत काही नाही. काच फोडू नये.' पंधरा-वीस गाड्यांवर माझ्या अक्षरातले कागद लागले.

समोरच्या दुकानातला औषधवाला हसला. "काका, धंदा कुलपांचा आणि सल्ला हा! उद्या मीही पाटी लावतो, औषध घेऊ नये म्हणून."

पण काचा फुटायच्या थांबल्या. सकाळी गाडीतला कप्पा उचकटलेला दिसायचा, बाकी काही नाही. माझ्या गाडीचं दार जरा वर उचलून लावावं लागतं. एकदा ते तसं नीट लावलेलं होतं. म्हणजे चोर नेहमीचाच होता.

माझ्या कागदावर मात्र एक गोष्ट खोटी होती. डिकीत बायकोची पिशवी होती.

दवाखान्यात जाताना तिने ती स्वतः भरली होती. शाल, चष्मा, कंगवा, घरात घालायच्या चपला. आठ महिन्यांपूर्वी मी एकटा परत आलो, पिशवी डिकीत होती, ती वर नेणं काही जमलं नाही. वर नेली की उघडावी लागणार. हत्यारांची पेटी मी रोज संध्याकाळी वर न्यायचो, सकाळी खाली आणून डिकीत पिशवीशेजारी ठेवायचो आणि कामाला जायचो. दूर राहणाऱ्या लेकीला हे ठाऊक होतं. ती म्हणाली होती, "बाबा, एकट्याने उघडू नका. मी येते, मग दोघं बसून उघडू." तिला रजा मिळाली होती. दोन आठवड्यांनी येणार होती.

आमच्या गाडीची डिकी ड्रायव्हरच्या सीटखालच्या खटक्याने उघडते. हे मला माहीत नव्हतं, असं म्हणायला मला तोंड नाही. दुसऱ्या कुणाची गाडी असती तर मी पहिल्यांदा तेच सांगितलं असतं. मला वाटलं, जुनी पिशवी कोण नेतंय.

एका मंगळवारी सकाळी पेटी ठेवायला डिकी उघडली, तर पिशवी नव्हती.

पोलीस ठाण्यात टेबलामागे एक बाई होत्या, लेकीच्या वयाच्या.

"कुलूप तोडलंय का?"

"नाही मॅडम, गाडी उघडीच होती."

"काच फोडलीय?"

"नाही."

"मग हरवल्याची नोंद होईल, काका."

"हरवली नाही हो. डिकीतून कुणीतरी नेली."

"त्या गल्लीतले कागद तुमचेच ना? साहेब म्हणतात, हे तर चोराला आमंत्रण झालं." आतल्या खोलीत कुणीतरी हसलं. बाईंनी फॉर्म पुढे ओढला. "काकूंना घेऊन या एकदा. वस्तू त्यांच्या आहेत, वर्णन त्याच नीट सांगतील."

"ती नाही आता."

बाईंनी खुर्ची पुढे केली. "बसा काका. चहा घेता?"

चहा मिळाला. चोरी लिहिली गेली नाही.

औषधवाल्याच्या दुकानावर कॅमेरा आहे. त्याचं तोंड थेट माझ्या गाडीकडे. मी त्याला म्हटलं, काल संध्याकाळपासूनचं दाखव.

"मालकाची ताकीद आहे, काका. मागे एकाला दाखवलं, तर तो काठी घेऊन दुसऱ्याच्या दारात गेला. पोलिसांचं पत्र आणा, लगेच दाखवतो. पण लवकर आणा. सात दिवसच राहतं, आठव्या दिवशी सकाळी आपोआप पुसलं जातं."

पत्राला गुन्ह्याचा नंबर लागतो. चोरीच नाही तर नंबर कुठला? गुरुवारी गेलो, साहेब बंदोबस्ताला. शनिवारी गेलो, साहेब रजेवर. बाई मला सोडायला बाहेरच्या पायरीपर्यंत आल्या. म्हणाल्या, "काय सांगू काका, साधी काच फुटलेली असती ना, तरी मी इथल्या इथे गुन्हा नोंदवला असता. त्याला साहेब लागत नाहीत."

त्या कळवळून बोलल्या. मी ते डोक्यात घेऊन घरी आलो.

रविवार विचारात गेला. सोमवारी दुपारी पेटीतला हातोडा काढला. चाळीस वर्षांत मी कुणाच्या काचेवर ओरखडा पडू दिला नव्हता. तान्हं मूल आत अडकलं होतं तेव्हाही तार घालून दार उघडलं होतं. बायको बसायची त्या बाजूची काच सोडली आणि मागची फोडली. मग ठाण्यात फोन केला.

तासाभरात बाई आल्या. वही उघडली.

"काच कधी फुटली?"

"आज," मी म्हणालो.

मागच्या सोमवारी रात्री फुटली, असं खोटं बोलायचं ठरवूनच काच फोडली होती. पण प्रश्न सरळ आला आणि उत्तर सरळ गेलं. बाईंनी तारीख लिहिली, फोनवरून नंबर घेतला, पत्र केलं. आम्ही दोघं समोर गेलो. औषधवाल्याने पत्र वाचलं आणि आजची दुपार लावली.

पडद्यावर एक म्हातारा दिसला. त्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. दोन घावांत काच फुटली नाही, तिसऱ्यात फुटली. मग कुणाच्या पायात जाऊ नयेत म्हणून त्याने तुकडे चपलेने कडेला सारले.

औषधवाला पाठ करून गोळ्यांची खोकी नीट लावू लागला.

"काका," बाई म्हणाल्या.

"मॅडम, मागच्या सोमवारचं लावा ना. ह्यातच आहे. उद्या सकाळी जाईल."

"कशाच्या आधारावर लावू? पत्र आजचं आहे. आणि हे साहेबांनी पाहिलं तर खोटी तक्रार केली म्हणून तुमच्यावरच येईल."

"पाच मिनिटांचं काम आहे हो."

"ऐका माझं. तक्रार मागे घेतो म्हणून लिहून द्या. मी मिटवते."

माझं वाईट व्हावं असं त्यांच्या मनात नव्हतं. मी काउंटरवरच लिहिलं : 'माझ्या गाडीतून काहीही चोरीला गेलेलं नाही.' खाली सही केली. अक्षर तेच, गल्लीतल्या कागदांवरचं.

मंगळवारी शटर उघडायच्या आधी मी दुकानासमोर उभा होतो. औषधवाल्याने मला पाहिलं आणि मी विचारायच्या आधीच नकारार्थी मान हलवली.

पुढच्या आठवड्यात लेक आली. हातपाय धुतले आणि म्हणाली, "किल्ली द्या बाबा, पिशवी मीच आणते वर."

मी तिला सगळं सांगितलं. हातोड्याचंही सांगितलं. ती टेबलाशी बसली.

"कंगव्यात केस होते का आईचे?"

"होते," मी म्हणालो. "शेवटच्या दिवशी मीच विंचरले होते."