कमरेत खोचलेला झगा

"सत्तरी उलटली तरी माणसाले लाज कशी ती नाही!" भागीरथाबाई परातीतल्या कणकेशी बोलत होत्या, म्हणजे बोलणं बाहेरच्या खोलीतल्या दिरासाठी होतं. "सकाळपासून तीनदा भांग पाडला यानं. चहा जागीच थंडा झाला. याले पाहाले पोरीचा बाप येऊन राहिला का?"

बाहेर नत्थूजी इस्त्रीच्या सदऱ्यात, न टेकता, खुर्चीच्या काठावर बसले होते. भागीरथाबाई नवरी होऊन सक्करदऱ्याच्या या घरात आल्या तेव्हा हा दीर शेंबडं पोर होता. त्याला न्हाऊ-जेवू घालून त्यांनीच मोठा केला, त्यामुळे साऱ्या मोहल्ल्याचे नत्थूजी पेंटर त्यांना अजून नुसते नत्थूच. नत्थूजींनी लग्न केलं नाही. दुकानांच्या पाट्या रंगवल्या, ट्रकांच्या मागे मोर काढले, आणि तरुणपणी एका छापखानेवाल्या दोस्ताच्या नादी लागून चित्रांची पुस्तकं काढली. धूमकेतूराव नावाचा उडता पहिलवान. चार अंक निघाले, छापखाना बसला, आणि धूमकेतूराव पत्र्याच्या पेटीत गेला. भागीरथाबाईंच्या लेखी ते सगळे माकडचाळे. त्यांची शाळा दुसरीतच सुटली होती. अक्षराला अक्षर लावेपर्यंत भाजी करपते, म्हणून त्यांनी ती पुस्तकं कधी उघडलीही नव्हती.

आता नात नंदिनी तिच्या कॉलेजच्या कामिनी मॅडमना घेऊन येणार होती. कॉलेजात जुन्या चित्रपुस्तकांचं प्रदर्शन भरायचं होतं आणि मधल्या भिंतीवर धूमकेतूराव माणसाएवढा मोठा करून लावायचा होता. नत्थूजींना तर रात्र रात्र झोप नव्हती. पण त्यांचं एकच पालुपद, "वहिनी हो म्हणतील तं नेजा." यात वहिनीचा काय संबंध, ते कोणालाच कळेना. भागीरथाबाईंना वाटलं, मान देतो आहे. द्यायलाच पाहिजे.

मॅडम आल्या. पेटी उघडली, पुस्तकं चटईवर मांडली, भागीरथाबाई हात पुसत येऊन बसल्या, आणि नंदिनी मोठ्यानं वाचू लागली. पहिल्याच अंकात कोळसासुर नावाच्या दुष्टानं भलंमोठं लोहचुंबक लावून काटोलची सारी संत्री आभाळात ओढून नेली.

"संत्र्यात लोखंड कुठून आलं गा, नत्थू?"

"कथेत असते तसं, वहिनी."

"भैताड कथा आहे."

नंदिनी हसून हसून आडवी झाली. मॅडमही हसल्या. पुढे धूमकेतूरावानं कामठीची मोटार एका हातानं उचलून पुराच्या पाण्यापलीकडे ठेवली, आणि आतली माणसं घोरतच राहिली. छापताना लाल शाई घसरल्यामुळे अर्ध्या पानांवर त्याचे ओठ गालावर गेले होते. अंगात निळी विजार, आणि विजारीवरून पिवळीधमक चड्डी.

"बाप्पा! चड्डी वरून? आधी काय घालायचं अन् मग काय, हे याच्या मायनं सांगितलं नाही का याले?"

"आजी, हसण्यासारखं आहेच हे," मॅडम डोळे पुसत म्हणाल्या. "पण त्या काळी पोरांच्या हातात जे वीर पडायचे, ते सगळे परमुलखातल्या शहरांवरून उडायचे. हा तुमच्या सक्करदऱ्याच्या तलावावरून उडतो. 'काहून बे?' म्हणतो आणि मग मारतो. असली पुस्तकं लोकांनी रद्दीत घातली, चुलीत घातली. याचे चारही अंक मला दुसरीकडे कुठे मिळाले नाहीत. इथल्या पोरांना तेव्हा जबरदस्त माणूस म्हणजे कसा वाटायचा, ते यातच दिसतं. एक गोष्ट मात्र मला उलगडत नाही. सगळ्या वीरांचा पाठीवरचा झगा वाऱ्यावर उडतो. हा एकटाच मारामारीच्या आधी झगा पुढे घेऊन कमरेत खोचतो. प्रत्येक अंकात. का हो, काका?"

नत्थूजी चटईच्या काड्या पाहू लागले.

भागीरथाबाईंनी चष्मा चढवला आणि पुस्तक जवळ ओढलं. झगा खांद्यावरून पुढे आला होता, पोटावरून जाऊन डाव्या कमरेला घट्ट खोचला होता. एक हात कमरेवर. दुसऱ्या हातातली गदा गदेसारखी नव्हतीच, सरळसोट मुसळ होतं ते. आणि हनुवटीवर तीन हिरवे ठिपके. पहिलवानाच्या हनुवटीवर गोंदण? त्यांचा हात आपोआप स्वतःच्या हनुवटीवरल्या गोंदणावर गेला.

"पुढचं पान काढ," त्या म्हणाल्या.

पुढच्या पानावर धूमकेतूराव एका चोराला बदड बदड बदडत होता. मग त्यालाच पाटावर बसवून ताट वाढत होता. नंदिनीनं वाचलं, "मार खाल्ला, आता भाकर खा. मग ठाण्यात जाऊ."

भागीरथाबाईंना एक जुनी रात्र आठवली. असा चोर या घरात आला होता. मालक गावी गेले होते, गडीमाणूस म्हणून एकटा नत्थू, तोही कणगीमागे दडलेला. आणि मुसळानं बडवून झाल्यावर हे शब्द, हेच, त्यांनी स्वतःच्या तोंडानं त्या चोराला म्हटले होते. त्यांनी चित्रातल्या मिशीवर अंगठा ठेवला. मिशी झाकली गेली आणि कागदावर उरल्या त्या भागीरथाबाई. चड्डीत.

"अव माय वं!" त्यांनी पुस्तक फटकन मिटलं. "नाही. हे कुठंच जाणार नाही."

"काय झालं, आजी?"

"नाही म्हटलं नं! मॅडमले आत नेऊन चहा दे."

दोघी आत गेल्या. नत्थूजी एकेक पुस्तक उचलून, दुमडलेले कोपरे सरळ करून, पेटीत ठेवू लागले. चारच पुस्तकं, पण संपता संपेनात.

"मी आहे ते?"

"हो, वहिनी."

"चारी पुस्तकात?"

"चारीत."

"अन् मोहल्ल्यातले पोट्टे हे पाहात होते? मी नळावर उभी राहू, अन् हे घरात मले चड्डीवर पाहून राहिले होते?"

"कोणाले नाही समजलं. मिशी होती नं."

"काहून केलं असं?"

"दोस्त म्हणे, लय ताकदीचा माणूस काढ. आखाड्यातले पहिलवान मी पाहिले होते, पण ते एकमेकाले पाडत. अंधारात, एकट्यानं, कोणाले न भेता चोराले पाडणारं मी एकच माणूस पाहिलं होतं. लुगड्यात दाखवावं म्हटलं, तं दोस्त म्हणे बाईचं पुस्तक पोट्टे घेत नाही."

या घरात भागीरथाबाईंना सासूनं कजाग म्हटलं, मालकानं तोंडाळ म्हटलं, सुनांनी माघारी काय काय म्हटलं ते त्यांना ठाऊक होतं. आणि त्यांच्याच छपराखाली, त्यांच्याच हातची भाकर खाणाऱ्या या माणसानं त्यांना काटोलवरून उडवलं, त्यांच्या हाती कामठीची मोटार दिली, आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही. राग यावा की काय यावं, ते त्यांना कळेना.

नंदिनी आणि मॅडम कपबशा घेऊन दारात येऊन थबकल्या. नत्थूजी पेटीची कडी लावत होते. भागीरथाबाई भिंतीला हात देऊन उठल्या, त्यांनी पदर पोटावरून घेऊन कमरेला खोचला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"नत्थू, तू भेकड आहेस. 'वहिनी, तुमच्यात लय जोर आहे' एवढं तोंडानं बोलता आलं नाही तुले, अन् मले चड्डी घालून गावभर उडवत राहिला! ने ती पुस्तकं. लाव भिंतीवर, पाहिजे तेवढी मोठी लाव. पण तिथं तू उभा राहाजो, अन् येईल त्या माणसाले सांगजो, ही माही वहिनी आहे. मिशी तिची नाही, हे बी सांगजो!"