पाणी कुणाच्या दारात सोडायचं

मी बांध आहे. मातीचा, गवताने मढलेला, मिसिसिपी नदीच्या अगदी शेवटच्या वळणांपैकी एका वळणावर आडवा पडलेला. माझ्या एका कुशीला नदी आणि दुसऱ्या कुशीला सेंट ओडिल पॅरिश. इतर राज्यांत जिल्हे असतात. आमच्या लुईझियानात पॅरिश.

इथे नदी वर आहे आणि गाव खाली. परसात कपडे वाळत घालणारी बाई मान वर करते, तेव्हा कुंपणाच्या वरून जहाज सरकत जाताना दिसतं. नवा माणूस ते पाहून दचकतो. जुनी माणसं दचकत नाहीत. मला भीती वाटते ती त्यांचीच.

मला घातलं गुलामांनी. फ्रेंचांचा अंमल होता तेव्हा मी जेमतेम कमरेएवढा होतो. मग स्पॅनिश आले, पुन्हा फ्रेंच आले, आणि शेवटी अमेरिकनांनी हा सगळा मुलूखच विकत घेतला. झेंडे बदलले, फावडं मारणारे हात बदलले नाहीत. कायदा असा होता की ज्याची जमीन नदीकाठी, त्याने आपल्यापुरता बांध घालायचा. उसाचे मळेवाले कायदा अगदी नेमाने पाळत. म्हणजे स्वतः ओसरीवर बसत आणि गुलामांना चिखलात उतरवत.

एका वसंतात नदी फुगली आणि मला भगदाड पडलं. मळेवाल्याने माणसांना हातात हात गुंफून त्या भगदाडात उभं केलं आणि मागून माती लोटायला लावली. प्रॉस्पर नावाचा एक तरणाबांड गडी मधोमध होता. त्याचा पाय निसटला.

"थांबा! खाली माणूस आहे!" कोणीतरी ओरडलं.

"पाणीही आहे," मुकादम म्हणाला. "टाका."

ते टाकत राहिले. भगदाड बुजलं. प्रॉस्पर अजून माझ्या पोटात आहे.

पुढे उत्तर आणि दक्षिणेच्या राज्यांत मोठं युद्ध झालं, गुलामी संपली. प्रॉस्परचा मुलगा काही वर्षं पॅरिशच्या कारभारी मंडळात बसला. त्या मंडळाला इथे पोलीस ज्युरी म्हणतात. तिच्यात पोलीस नसतो आणि ज्युरीही नसते. अंगात काळा कोट घालून तो माझ्या पाठीवरून कोर्टाच्या इमारतीकडे जायचा. त्याची चाल मला आवडायची. मग राज्याची नवी घटना लिहिली गेली आणि काळ्या माणसाचं मत तिच्यातून अलगद गळून पडलं. ती बातमी कळली त्या दिवशी तो माझ्यावरूनच घरी परतला. कोट हातावर टाकलेला होता आणि उन्हाळा नव्हता.

त्याची मुलगी ओडाली. माझ्या पायथ्याशी तिचं लाकडी घर होतं. नोव्हेंबरात सर्व संतांच्या सणाला इथली माणसं आपापल्या कबरी चुन्याने पांढऱ्या करतात. ओडालीच्या आजोबाला कबर नव्हती, म्हणून तिने माझ्या उतारावर, जुन्या भगदाडाच्या जागी, एक दगड रोवला होता. त्याला ती चुना लावायची.

आणि दर वर्षी बेनिग्नो सेर्पास तिच्याशी हुज्जत घालायचा. बेनिग्नो माझा राखणदार. त्याचे पूर्वज स्पॅनिशांच्या काळात कुठल्याशा बेटांवरून इथे आलेले. हिवाळ्यात तो दलदलीत पाणउंदीर धरायचा, त्यांची कातडी विकायचा, आणि नदी चढली की खांद्याला बंदूक लावून माझ्यावर गस्त घालायचा.

"ओडालीमावशी, बांधावर दगड ठेवायला मनाई आहे. किती वेळा सांगायचं?"

"मग माझ्या आजोबाला बाहेर काढ. दगड मी घरी नेते."

"मंडळाचं कोणी आलं तर माझी नोकरी जाईल."

"तुझी कसली रे नोकरी? पाणउंदरांच्या मागे हिंडायचं. ते तर माझं मांजरसुद्धा करतं, आणि त्याला टोपीही लागत नाही."

बेनिग्नो हसायचा आणि दगडाला वळसा घालून पुढे जायचा. कोर्टात तो पुढच्या दाराने जाई, ती मागच्या. माझ्यावर मात्र एकच पाऊलवाट होती.

त्याचं घरही माझ्या पायथ्याशी, थोडं खालच्या अंगाला होतं. दारापुढचा माझा तुकडा त्याने स्वतः पक्का केला होता. लांबून चिकणमाती आणली, वर खेचर फिरवलं, धुम्मसाने ठोकून ठोकून दगडासारखा केला. "हा तुकडा देवालाही फुटायचा नाही," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. अशी बढाई मला आवडत नाही. नदी ऐकत असते.

मग ते वर्ष आलं.

वरच्या राज्यांत हिवाळ्यापासून पाऊस थांबलाच नव्हता. तिकडचं सगळं पाणी शेवटी आमच्याच दारावरून जातं. नदीचा रंग बदलला. आधी झाडं वाहत आली, मग गोठे, मग कुठल्याशा चर्चचं बाक, त्यावर एक कोंबडी जिवंत बसलेली. लोकांनी तेवढ्यापुरतं हसून घेतलं. पाणी माझ्या गळ्याशी लागलं. घरांच्या बाजूला, भाजीच्या वाफ्यांत, जमिनीतून पाणी उकळल्यासारखं बुडबुडत वर यायला लागलं. माणसं धावत जाऊन भोवती वाळूची पोती रचायची. बेनिग्नो घरी जेवायलाही जाईना. त्याची बायको उर्सुला माझ्यावरच भाताचा डबा आणून द्यायची आणि नदीकडे न बघता परत जायची.

एक दिवस नदीच्या वरच्या अंगाच्या मोठ्या शहरातून मोटारी आल्या. उंची हॅट घातलेली माणसं माझ्यावर चढली. त्यांनी नदीकडे थोडंसं पाहिलं आणि गावाकडे बराच वेळ पाहिलं. त्या नजरेने माझ्या अंगावरचं गवत शहारलं. गावाकडे असं पाहणारा माणूस गाव बघायला आलेला नसतो.

चार दिवसांनी ज्युल दुगास बेनिग्नोला गाठायला वर आला. दुगास पोलीस ज्युरीचा अध्यक्ष, गावातला सगळ्यात मोठा दुकानदार.

"शहर वाचवायचं तर त्याच्या खाली कुठेतरी बांध फोडून पाणी सोडावं लागेल, असं ठरलंय," तो म्हणाला.

"कुठेतरी म्हणजे?"

दुगासने हॅट काढून हातात घेतली. "इथे."

बेनिग्नोने बंदूक या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "आणि तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हणणार? तिकडे केवढी माणसं! आपण किती?"

"आपण किती, हे विचारलं तरी का कोणी?"

"अरे, भरपाई देणार आहेत. राजधानीची सही आहे हुकमावर. फौजेचे ट्रक येतायत लोकांना न्यायला." दुगासने हॅट पुन्हा डोक्यावर ठेवली. "इंजिनियरांना जागा दाखवायला माणूस हवाय. बांध कुठे मऊ आहे ते तुझ्याइतकं कोणाला ठाऊक?"

"ज्युल, मला तुम्ही ही बंदूक दिलीत ती कशासाठी? कोणी बांधाला हात लावला तर गोळी घालायची म्हणून."

"आता ती परत दे," दुगास म्हणाला, आणि त्याने हात पुढे केला.

मऊ जागा कोणती, ते बेनिग्नोला ठाऊक होतं आणि मलाही. जुनं भगदाड कितीही बुजवलं तरी पुरतं जुळून येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक लागले. माणसं गाद्या, शिवणयंत्रं, देवाच्या तसबिरी, पिंजऱ्यातल्या कोंबड्या चढवत होती. ओडाली मात्र खुर्ची आणि कॉफीची किटली घेऊन वर आली आणि त्या पांढऱ्या दगडाशेजारी बसली. सैनिकांनी हाका मारल्या. ती हलली नाही. शेवटी बेनिग्नो आला.

"मावशी, ऊठ. ट्रक निघतायत."

"सुरुंग इथेच लावणार ना?"

त्याने दगडाकडे पाहिलं.

"मला वाटलंच."

"घर तर बुडणारच आहे, मावशी. तुझं, माझं, सगळ्यांचं. तू इथे बसलीस म्हणून वाचणार आहे का?"

"घराचं कोण बोलतंय? घर लाकडाचं. पुन्हा उभं राहील." तिने दगडावर हात ठेवला. "याला एकदा न विचारता आत टाकला. आता न विचारता बाहेर काढून समुद्रात फेकणार? तू फेकणार, बेनिग्नो?"

बेनिग्नो दगडापलीकडे गवतात बसला. ओडालीने आपल्याच कपात कॉफी ओतून त्याच्यापुढे धरली. त्या मुलखात, त्या काळात, काळ्या बाईचा कप गोरा माणूस घेत नसे. त्याने घेतला आणि तळापर्यंत प्यायला.

"माझ्या दारापुढची जागा दाखवतो त्यांना," तो म्हणाला. "मऊ आहे म्हणून सांगतो. फोडत बसू देत. ती फुटायची नाही, आणि तोवर नदी उतरेल."

"आणि फुटली तर? जिथे फुटतं तिथली जमीनसुद्धा राहत नाही, माहितीये ना तुला?"

"मी ठोकलीय ती, मावशी."

ओडालीने रिकामा कप त्याच्या हातून घेतला. मग उठली, खुर्ची उचलली आणि ट्रककडे चालू लागली. किटली तिने त्याच्यासाठी मागे ठेवली.

सुरुंग लावायच्या दिवशी शहरातून जत्रा लोटली. बोटी भरून माणसं आली. बायकांच्या हातात छत्र्या, टोपल्यांत खाऊ. बेनिग्नोच्या दारापुढे मोठा आवाज झाला. मी हादरलो, थोडा चिखल उडाला, आणि मी जागच्या जागी राहिलो. कोणीतरी हसलं. पुन्हा खड्डे, पुन्हा सुरुंग. तरी मी राहिलो. लांब उभा असलेला बेनिग्नो मांडीवर थाप मारायचा. दिवसामागून दिवस असंच चाललं. इंजिनियर चिडले, सुरुंगातली दारू वाढवली.

आणि मग एका सकाळी माझ्या छातीवरचं ओझं हलकं झालं. वर कुठेतरी, दुसऱ्या तीरावर, बांध आपोआप फुटले होते. नदीला वाट मिळाली होती. पाणी उतरत होतं.

बेनिग्नो धावत इंजिनियरांकडे गेला. "काठीवर बघा! उतरतेय नदी! आता कशाला फोडता?"

तरुण इंजिनियराने पाण्यातल्या खुणेच्या काठीकडे पाहिलं. मग दुगासकडे पाहिलं.

"हुकूम आहे," दुगास म्हणाला.

"हुकूम नदी चढत होती तेव्हाचा!"

"मग तो मागे घेणारं कोणीतरी हवं ना? माझ्या हातात काय आहे?" दुगासने बोटींकडे मान वळवली. "आणि हे बघ, लोकही आलेत."

त्या दुपारी मी फुटलो.

सुरुंगाचा आवाज मी विसरलो. त्यानंतर नदीने जो श्वास आत घेतला, तो विसरलो नाही. आधी एक चीर, मग दरवाजाएवढी फट, मग मला दोन टोकं उरली आणि मध्ये मी नव्हतोच. पाण्याने पहिलं घर उचललं ते बेनिग्नोचं. ते पाण्यावर एकदा गोल फिरलं, जणू कोणी हाक मारली म्हणून वळावं तसं, आणि मग त्याच्या फळ्या झाल्या. मागोमाग संत्र्याची झाडं गेली. मग सेंट ओडिल. बोटींवर टाळ्या वाजल्या, पण थोड्याच. पाणी कुठवर जातंय ते दिसू लागल्यावर बायकांनी छत्र्या मिटल्या.

बेनिग्नो माझ्या तुटक्या टोकावर उभा होता. उर्सुलाने त्याला मागून कोटाला धरून ठेवलं होतं.

उन्हाळा सरता सरता पाणी गेलं. ओडाली परत आली तेव्हा तिचं घर पाया सोडून शेजाऱ्याच्या वावरात तिरकं उभं होतं. आजोबाचा दगड गाळाखाली गेला होता. तिने तो खणून काढला, धुतला आणि जागच्या जागी रोवला. बेनिग्नोच्या घराच्या जागी एक डोह होता. काळा, गोल, शांत. लांबात लांब बांबू टाकला तरी तळ लागेना. भरपाईसाठी समिती बसली, मग समितीवर समिती बसली, आणि लोक बाहेरच्या पायऱ्यांवर बसून राहिले.

"माझ्या परसात जागा आहे," ओडाली त्याला म्हणाली. "उर्सुलाला घेऊन ये. एक खोली उठव."

"लोक काय म्हणतील, मावशी?"

"लोक म्हणजे कोण? दुगास?"

तो हसला. त्या वर्षातलं त्याचं ते पहिलंच हसू असावं. पण तो राहिला नाही. "जिथे बांध नाही तिथे जातो," म्हणाला. "तिथे पाणी येतं ते निदान कोणाच्या सहीने येत नाही."

दक्षिणेला, आखाताच्या तोंडाशी, दलदलीतल्या एका बेटावर त्याने झोपडी घातली. म्हातारा होऊन तो तिथेच वारला. ओडाली त्याच्या आधीच गेली होती.

मला पुन्हा बांधलं. या वेळी अधिक उंच, अधिक रुंद, पोटात काँक्रीट. नवा राज्यकारभार आला, नवी मंडळं आली, जो तो मला आणखी उंच करून गेला. पूर्वी नदी दर पुरात माझ्यावरून थोडी सांडायची आणि मागच्या जमिनीवर गाळ पसरायची. त्या गाळावरच हा सगळा मुलूख तरंगत होता. आता नदी मुकाट सरळ जाते आणि आपला गाळ खोल समुद्रात ओतते. तेलवाल्यांनी दलदलीत कालवे कोरले. जमीन उपाशी माणसासारखी खाली बसत चालली, आणि मागून समुद्र आत सरकत आला. एक शिंपलेवाला परवा माझ्यावर बसून दुसऱ्याला सांगत होता, की बेनिग्नोच्या बेटावर आधी ओक वाळले, मग गवत पिवळं पडलं, आणि आता तिथून त्याची बोट न अडखळता जाते. नकाशात बेट अजून आहे. नकाशे छापणाऱ्यांना घाई नसते.

आणि माझ्या पायथ्याशी नवी घरं उठतायत. कालच एक तरुण जोडपं आलं होतं. घर दाखवणारी बाई त्यांना माझ्यावर घेऊन आली.

"इथे पाणीबिणी येतं का हो?" मुलीने विचारलं. तिला दिवस गेले होते.

"छे गं! एवढा मोठा बांध आहे ना."

नवऱ्याने टाच आपटून मला जोखलं आणि समाधानाने मान डोलावली. "इथे उभं राहिलं की कसं निर्धास्त वाटतं," तो म्हणाला.

बाबांनो, मला तोंड असतं तर मी तिथल्या तिथे ओरडलो असतो. निर्धास्त होऊ नका. माझी उंची बघून झोपू नका. मी माती आहे. मला कोण राखतं, कोण फोडतं, ते कुठल्याशा दूरच्या खोलीत ठरतं, आणि त्या खोलीत तुम्ही नसता. गाडीत पेट्रोल ठेवा. म्हाताऱ्यांसाठी वरच्या गावी एखादी खोली बघून ठेवा. आणि नदीकडे एवढं बघता, तसं कधी वळून पाठीमागेही बघा.

कारण आज पहाटे माझ्या पायथ्याला ओल लागली. नदीच्या अंगाला नाही, घरांच्या अंगाला. त्या मुलीने पसंत केलेल्या परसात गवताखालून पाणी अलगद वर येत होतं. एवढ्या वर्षांत नदीची चव मला पाठ झाली आहे.

हे पाणी खारट होतं.