पडद्याला सांगितलेलं

भांडण झालं की नोलीन मागे जाऊन पलंगावर आडवी व्हायची आणि पडदा ओढून घ्यायची. मोटरहोममध्ये रुसून जायला दुसरी जागाच नसते. घरात निदान परसात जाता येतं, दार आपटता येतं, शेजारणीकडे जाऊन नवऱ्याची उणीदुणी काढता येतात. इथे पुढे दोन खुर्च्या, मधे वीतभर ओटा, त्याला लागून संडास, मागे पलंग आणि पलंगापुढे निळा पडदा. चालत्या गाडीत पट्टा न लावता असं झोपणं कायद्यात बसत नाही, हे लायल तिला सुरुवातीला दर वेळी ऐकवायचा. हल्ली ऐकवत नसे. पडदा ओढलेला दिसला की तो गुपचूप गाडी चालवायचा आणि चहाच्या वेळेची वाट बघायचा.

त्या सकाळचं भांडण स्ट्रीकी बेच्या किनाऱ्यावर खुर्च्या घड्या करताना झालं. नोलीनला घरी जायचं होतं. कोलॅकला, स्वतःच्या घरी, जिथे संडासाची टाकी कुणाला नेऊन ओतावी लागत नाही आणि रात्री कूस बदलली की अख्खं घर डुलत नाही. तिचा गुडघा दुखत होता. आणि गुडघ्यापेक्षाही ती संध्याकाळच्या पाचला कंटाळली होती. पाच वाजले की प्रत्येक पार्कमध्ये सगळे म्हातारे आपापली खुर्ची आणि आपापला ग्लास घेऊन गोल करून बसतात. कुठून आलात, कुठे चाललात, किती दिवस झाले, तिथल्या माश्या कशा होत्या. माणसं रोज नवी आणि बोलणं तेच. मला आता या जन्मात एकही नवीन माणूस भेटायला नकोय, असं ती म्हणाली. लायल म्हणाला, अजून नलार्बरचं माळरान राहिलंय, पर्थ राहिलंय, इतक्या लांब येऊन माघारी कसली फिरतेस.

"मग तू जा," नोलीन म्हणाली. "मला सोड कुठेतरी आणि जा एकटा."

ती आत गेली, कपडे बदलायला पडदा ओढला तो ओढलेलाच राहिला. लायलने नळी गुंडाळली, विजेची तार काढली, चाकांखालची लाकडं उचलली. बाहेरची कामं बाप्याची आणि आतली बाईची, ही त्या पार्कांतून चालत आलेली रीत. गाडी चालू करण्याआधी दोघं 'सगळं आलं का, बसलीस का' अशी जी चार वाक्यं बोलायची, ती त्या दिवशी बोलली गेली नाहीत.

घरी का जायचं नाही, याचं खरं कारण लायलने तिला सांगितलेलंच नव्हतं. पोर्ट लिंकनला नोलीन धुणं घेऊन लाँड्रीत बसली होती, तेव्हा तो चष्म्याच्या दुकानात गेला होता. तिथल्या तरुण बाईने त्याच्या दोन्ही डोळ्यांचे फोटो काढले, बराच वेळ बघितले आणि हळू आवाजात सांगितलं की, डोळ्यांतल्या पडद्याचा मधला भाग झिजलाय, आजपासून गाडी चालवू नका, घरी पोचलात की लगेच मोठ्या डॉक्टरांकडे जा. लायलला ते ऐकून आश्चर्य वाटलं नाही. जिकडे थेट बघावं तिथेच धुरकट डाग आणि कडेकडेचं सगळं लख्ख, हे त्याला केव्हापासून जाणवत होतं. तो बाहेर आला आणि बायकोला म्हणाला, नंबर वाढलाय थोडा. आणि तिच्या हातातली धुण्याची पिशवी घेऊन गाडी चालू केली.

कोलॅकला तो जन्मभर शाळेची बस चालवत आला होता. गावात त्याला लायल म्हणून कमी आणि बसवाला म्हणून जास्त ओळखायचे. घरी पोचून गाडीतून एकदा उतरला की पुन्हा स्टिअरिंगला हात लागणार नाही, हे त्याला कळत होतं, आणि म्हणून तो घरापासून लांब लांब चालला होता. रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ दिसत होती तिच्या आधाराने तो चालवायचा. पाट्या नोलीनकडून वाचून घ्यायचा, तेही परीक्षा घेतल्यासारखं, बघू तुला दिसतंय का अजून, असं म्हणून. आपण करतोय ते वाईट आहे हे त्याला माहीत होतं. लाज वाटायची आणि भीतीही वाटायची. दोन्ही गिळून तो दर सकाळी इंजिन चालू करायचा.

सेडूना मागे पडलं, पवनचक्क्यांचं गाव मागे पडलं. पुढच्या रोडहाऊसवर, म्हणजे पंप आणि खानावळ एकत्र असलेल्या थांब्यावर, त्याने टाकी भरली आणि आत गेला. गल्ल्यावर डॉट नावाची जाडजूड बाई होती. लायलपेक्षा वीस वर्षांनी लहान असेल, पण येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना ती बाळा म्हणायची. तिच्याशी वाऱ्याबद्दल दोन शब्द बोलून तो परत आला. पडदा ओढलेला होता. म्हणजे बाईसाहेबांचा राग कायम. त्याने सवयीप्रमाणे उजवीकडच्या आरशात बघितलं, डावीकडच्या आरशात बघितलं, आणि गाडी रस्त्याला घातली.

गव्हाची कापलेली शेतं संपली. झाडं खुजी झाली, मग झुडपं झाली. समोरून अधूनमधून गाडी यायची आणि लायल स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचा, कारण त्या रस्त्यावर समोरच्याला बोट न दाखवणारा माणूस उद्धट समजला जातो. समोरचा बोट उचलत होता की नाही हे मात्र त्याला दिसत नव्हतं. तो नुसत्या धुरकट ठिपक्यांना नमस्कार करत चालला होता. असे किती ठिपके गेले कोण जाणे, आणि त्याला एकदम इतकं थकल्यासारखं झालं, की हात वर धरवेनात.

"नोलीन," तो म्हणाला, "जागी आहेस ना? बोलू नकोस. नुसती ऐक."

मागून उत्तर आलं नाही, आणि ते बरंच झालं असं त्याला वाटलं. पडद्याकडे पाठ असली की बोलायला सोपं जातं. त्याने सगळं सांगितलं. पोर्ट लिंकनची बाई, डोळ्यांचे फोटो, पांढरी रेघ, पाट्या. एलिस्टनच्या अलीकडे कांगारू आडवा आला तेव्हा ती किंचाळली म्हणून त्याने ब्रेक मारला होता, त्याला कांगारू दिसलाच नव्हता, तेही सांगितलं. मी पण दमलोय, म्हणाला. पर्थ-बिर्थ काही बघायचं नाही मला. जरा पुढे जागा मिळाली की थांबू, फोन लागेल तिथून जनीनला कळव, तिचा नवरा येऊन गाडी नेईल. जनीन म्हणजे त्यांची मुलगी. एवढं बोलून झाल्यावर त्याला हलकं वाटलं. पडदा गप्पच होता. रडत असेल, त्याने मनाशी म्हटलं. रडू दे. आपण कुठल्या तोंडाने समजूत घालणार.

तेवढ्यात गाडीतला वायरलेस खरखरला. त्या रस्त्याला फोन लागत नाहीत, पण फिरस्ते म्हातारे सगळे वायरलेसच्या अठरा नंबरच्या चॅनेलवर कान लावून असतात, आणि आपल्या गाडीचं नाव मागे रंगवून ठेवतात म्हणजे हाक मारायला सोपं. यांच्या गाडीचं नाव नोलीननेच ठेवलं होतं, 'आता कसली घाई'.

"आता कसली घाई, आता कसली घाई," एक पुरुषी आवाज म्हणाला. "ऐकतोयस का रे बाबा? मागच्या रोडहाऊसवर एक बाई बसलीय. नोलीन नाव सांगते. तुझीच आहे म्हणे."

"नाव तरी बदल गाडीचं," दुसरा कुणीतरी मधेच बोलला. "आणि नको असेल तर तसं सांग, माझी देतो बदल्यात."

"तुला कोण बदलून घेणार, मेल्या," असा एका बाईचा आवाज आला, आणि मग तो अख्खा सुनसान रस्ता हसला.

लायलने गाडी खडीवर उतरवली. मागे जाऊन पडदा सरकवला. पांघरुणाची घडी, तिची टोपी, चार्जिंगला लावलेला फोन. आपण जन्मात पहिल्यांदा मन मोकळं केलं ते एका उशीपुढे. शाळेची बस होती तेव्हा शेवटच्या बाकापर्यंत चालत जाऊन बघितल्याशिवाय त्याने कधी किल्ली काढली नव्हती. कुणाचं साधं दप्तर त्याच्या हातून राहिलं नव्हतं, आणि बायको राहिली. तो पुढे आला आणि गाडी उलटी वळवली.

परतीचा रस्ता त्याने अगदी हळू कापला. सगळे दिवे लुकलुकत ठेवले. मागून तीन तीन डबे ओढणारे ट्रक आले की भोंगा देत निघून जायचे आणि गाडी गदागदा हलायची. आता पाटी वाचायला कुणी नव्हतं, किंचाळायलाही कुणी नव्हतं. त्याने पांढरी रेघ सोडली नाही. आणि तेवढ्यातही डोकं आपलं काम करत होतं. तिने काही ऐकलेलं नाही. म्हणजे अजून काही बिघडलं नव्हतं. मला वाटलं तू झोपलीस, एवढंच म्हणायचं, आणि ते खोटंही नव्हतं. बायको पेट्रोलपंपावर राहिल्याची गोष्ट प्रत्येक पार्कमध्ये एक तरी नवरा सांगत असतो. लोक हसतात आणि संपतं. ही पण हसेल, दोन दिवस टोमणे मारेल. मग पर्थपर्यंत जाता येईल. थोड्या वेळापूर्वी पडद्याला सांगितलेलं सगळं त्याने असं एकेक करून परत घेतलं.

डॉट दारातच उभी होती.

"आलास का बाळा? ठेवलीय हो तुझी बायको जपून. पुढच्या वेळी सामान मोजून घेऊन जात जा."

नोलीन पडवीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. समोरच्या कपातल्या चहावर साय धरली होती. लायल तोंडावर हसू आणून तिच्यासमोर उभा राहिला आणि ठरवलेलं वाक्य बोलला, की मला वाटलं तू मागे झोपलीस. तिने मान वर केली नाही.

"मी तुझ्या समोर उभी होते, लायल."

इथल्या संडासातून बाहेर आले तर गाडी सुरू झालेली, ती म्हणाली. दुखत्या गुडघ्याने धावत ती फाटकापर्यंत गेली होती. डावीकडे, आरशासमोर, दोन्ही हात वर करून उभी राहिली होती. हे सांगताना तिचा आवाज जराही चढला नाही. तो चढला असता तर बरं झालं असतं, असं लायलला वाटलं.

"तू आरशात बघितलंस. माझ्या तोंडाकडे. चांगलं बघितलंस, आणि गेलास." तिने कपातली साय चमच्याने बाजूला केली. "सकाळी मीच म्हटलं होतं ना, सोड कुठेतरी. म्हटलं, माझं एकदाचं ऐकलं याने. राग पण आला नाही मला. इथे येऊन बसले."

डॉट आत निघून गेली. लायलला सुटायला जागा उरली नव्हती. बायकोकडे बघून गाडी पुढे काढणारा नवरा व्हायचं, नाहीतर आंधळा होत चाललेला ड्रायव्हर. यातलं पहिलं निवडण्याइतका तो वाईट नव्हता.

"बघत होतो तुझ्याकडेच," तो म्हणाला. "म्हणूनच दिसली नाहीस."

मग त्याने सगळं पुन्हा सांगितलं. या वेळी समोर पडदा नव्हता, त्यामुळे वाक्यं तुटक आली आणि कांगारूचं दोनदा सांगावं लागलं. नोलीन ऐकत होती. पाट्यांचं आलं तेव्हा तिने डोळे मिटले.

"किती दिवस झाले?"

"पोर्ट लिंकनपासून."

"शाळेची पोरं घेऊन अशी चालवली असतीस?"

"नाही."

"मग मला घेऊन कशी चालवलीस?"

बाहेर एक ट्रक येऊन थांबला, ड्रायव्हर उतरून आत गेला, जाता जाता त्यांना बघून हसला. रस्त्यावरच्या सगळ्यांना कळलं होतं. नोलीनने हात पुढे केला. तिला काय हवंय हे समजायला त्याला क्षणभर लागलं, मग त्याने खिशातून किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. ती एवढी मोठी गाडी तिने कधी चालवली नव्हती, कारण त्याने चालवू दिली नव्हती. आज इथेच राहू, ती म्हणाली, उद्या उजेडात मी हळूहळू सेडूनापर्यंत नेईन, मग जनीनला सांगू. तो हो म्हणाला.

किल्ली मुठीत धरून तिने विचारलं, "आत्ता दिसते का मी?"

"समोरून नाही. कडेने बघितलं तर दिसतेस."

"मग बघ ना."

लायलने मान वळवून पंपाकडे तोंड केलं. तेव्हा डाग सरकला आणि डोळ्याच्या कडेला नोलीन आली. वाऱ्याने विस्कटलेले पांढरे केस, गुडघ्यावर ठेवलेला हात, घट्ट मिटलेले ओठ. ती रडत नव्हती. ती किती दमलीय, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसलं.